टोपलीतले नमुने

आमच्या दादाला कुठलीही गोष्ट सुखाने चाललेली बघवत नाही. रविवारी दुकान बंद असताना तो आला, कॉम्प्युटरमध्ये नवी डिस्क बसवली, जुनीवरचं सगळं नवीवर हलवलं आणि दुकानाची किल्ली परत देताना मला म्हणाला, "आता बघ कसा पळतो ते." मी म्हटलं, "अरे, त्याला पळायचंय कुठे? चालत होता तेवढं पुरे होतं की." पण ऐकेल तर तो दादा कसला.

सोमवारी सकाळी बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली. चालू व्हायला जे लागतं ते कुठेच सापडत नाही, असा तिचा अर्थ. मी बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तीच ओळ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एरवी मी दोन शिव्या घातल्या असत्या आणि आरी-दोरा घेऊन कामाला बसले असते. पण त्या दिवशी तसं चालणार नव्हतं. आमचं दुकान जोड्यांचं आहे, पण बाजारात मिळतात तसल्या नाही. एक पाय आखूड असलेल्यांचे, पाऊल वळलेल्यांचे, साखरेच्या आजारात बोटं गमावलेल्यांचे जोडे आम्ही करतो. नमुना आत्या काढते. कापणं आणि शिवणं माझ्याकडे. बाबा गेल्यावर हे दुकान तिनेच ओढलं, मला हाताला धरून सगळं शिकवलं, फक्त नमुना काढणं तेवढं स्वतःकडे ठेवलं. आधी पुठ्ठ्यावर काढायची, अलीकडे कॉम्प्युटरवर. आणि मंगळवारी सकाळी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की हे सगळं उरलीसुरली नजर टिकवण्यासाठी. हिंडता-फिरता येईल, माणसं ओळखू येतील, पण बारीक रेषेचं काम यापुढे बंद.

म्हणजे नमुन्यांशी बसायचा तिचा तो शेवटचा दिवस. काही जोड्यांचे नमुने अर्धे राहिले होते. ते एकेक उघडून कुठे उचलायचं, कुठे सैल सोडायचं हे ती मला दाखवणार होती आणि पुढचं मी पुरं करणार होते. मापं काय, पुन्हा घेता येतात. पण गिऱ्हाईक आधीचा जोडा घालून चार पावलं चाललं की आत्या त्याला न्याहाळते आणि नमुन्यात कुठेतरी केसभर फरक करते. असे महिनोन् महिने केलेले केसभर फरक त्या फायलींमध्ये होते. ते गेले असते तर तिला पुन्हा काढता आले नसते, आणि मला तर ते सुचलेच नसते. 

मी दादाला फोन लावला.

"तू काही दाबलंस का?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"हो, चालू करायचं बटण दाबलं. चुकलं का माझं?"

"चिडू नकोस. नीट वाच, काय लिहिलंय?"

"तूच येऊन वाच. तुझ्या साहेबांना सांग, बहिणीच्या हातात चामडं कापायची सुरी आहे आणि ती माझं नाव घेतेय."

तो आला तोवर आत्या येऊन तिच्या खुर्चीत बसली होती. समोरचं नीट दिसत नाही म्हणून ती मान वळवून कडेने बघते; नवख्याला वाटतं बाई रुसल्यात. काळा पडदा तिने तसाच बघितला आणि म्हणाली, "याने संप केला वाटतं."

"होईल गं आत्या, दहा मिनिटांचं काम आहे," दादा म्हणाला. दादाची दहा मिनिटं आमच्या घरात प्रसिद्ध आहेत. 

त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला, वायरी हलवल्या, नवी डिस्क काढून परत लावली. काही नाही. मग डोकं खाजवत दुकानभर बघितलं आणि माझ्या कापायच्या टेबलावर चामड्याच्या कातरणांत पडलेली जुनी डिस्क त्याला दिसली. रविवारी काढून तिथे ठेवून गेला होता.

"हात्तिच्या," तो म्हणाला. "सुरुवातीचा तुकडा हिच्यावरच राहिला."

"मराठीत सांग."

"अगं, सगळं सामान नव्या घरात नेलं आणि नव्या घराची किल्ली जुन्या घरात राहिली. ऑपरेटिंग सिस्टीम इकडे आलीय, पण तिला हाक मारून उठवणारा जो छोटा भाग असतो, तो या जुनीवर आहे. हिला परत लावू, उठेल."

जुनी डिस्क लावली आणि खरंच पडदा उजळला. आत्याने टाळी वाजवली. मी नाही वाजवली. नमुन्यांचा प्रोग्रॅम उघडला तर तो म्हणे, फायली सापडत नाहीत. दादा म्हणाला, घाबरू नका. आधी जिला डी म्हणायचे तिला आता कॉम्प्युटर ई म्हणतोय, म्हणून प्रोग्रॅम जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवतोय. त्याने अक्षर बदललं, पुन्हा चालू केलं, पुन्हा काहीतरी अडलं, पुन्हा चालू केलं. मी त्याच्या मागे उभी राहून त्याच्या मानेवर श्वास सोडत होते. शेवटी यादी आली. पुरे झालेले सगळे नमुने, जिथल्या तिथे.

"झालं?" दादा माझ्याकडे वळून म्हणाला. "उगाच आभाळ कोसळल्यासारखं करतेस."

"आता अर्धवटातले काढ," आत्या म्हणाली.

"ते कुठे ठेवतेस तू?"

"कुठे म्हणजे? टोपलीत."

दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे.

आमच्या दुकानात आजोबांच्या वेळेपासूनची रीत आहे. टेबलाखाली एक वेताची टोपली असते आणि दिवस संपला की अर्धं राहिलेलं काम तिच्यात ठेवायचं. टोपलीतल्या कामाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, अगदी झाडणाऱ्यानेसुद्धा. कचरा जातो तो दाराजवळच्या पोत्यात. लहानपणी दादाने एकदा टोपलीत केळ्याची साल टाकली होती, तेव्हा आजोबांनी त्याला दिवसभर पोत्याशेजारी उभं केलं होतं. आत्या कॉम्प्युटर कुणाकडे शिकायला गेली नाही, बघून बघून शिकली. पडद्यावर कोपऱ्यात टोपलीचं चित्र दिसलं आणि तिला हायसं वाटलं, चला, यांच्याकडेही आपलीच पद्धत आहे. सकाळी नमुना टोपलीतून बाहेर काढायचा, दिवसभर त्यावर बसायचं, संध्याकाळी परत टोपलीत. पुरा झाला की मगच तो माझ्याकडे यायचा. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं आणि मला गंधवार्ता नव्हती, कारण मी फक्त पुरे झालेले छापून घ्यायचे.

दादाने त्या चित्रावर टिचकी मारली. आत काही नव्हतं.

"आत्या," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं मला मागूनही कळलं, "ही ती टोपली नाही गं. हा कचऱ्याचा डबा आहे. नको असलेलं इथे टाकतात."

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नसतं. सगळ्यांना माहीत असतं."

"मला नव्हतं," आत्या म्हणाली. "पण मग माझं काम गेलं कुठे?"

मी त्याचा खांदा धरून त्याला फिरवलं.

"काय केलंस तू?"

"हलवायच्या आधी रिकामा केला डबा. कचरा कशाला न्यायचा नव्या डिस्कवर, म्हटलं. जागा अडते."

"तुला विचारावंसं नाही वाटलं? एकदा? फोन होता ना खिशात? अरे, उंदीरसुद्धा कुरतडायच्या आधी हुंगतो."

"कचरा टाकू का, असं कुणी विचारतं का?"

"आमच्याकडे विचारतात. तू याच घरात वाढलास."

"भांडू नका," आत्या म्हणाली. तिचे हात मांडीवर होते आणि एका हाताने ती दुसरा दाबत होती. "परत येतं का ते, एवढं सांग."

दादा एकदम वाकला आणि त्याने भिंतीतली पिनच ओढली. पडदा विझला.

"आता हे काय?" मी ओरडले.

"पुसलेलं लगेच जात नाही. ती जागा रिकामी समजली जाते एवढंच, वरून दुसरं काही लिहिलं गेलं की मग जातं. आणि सिस्टीम चालू असताना ती या जुनीवर तात्पुरतं काहीबाही लिहीत असते." त्याने हातातल्या पिनेकडे बघितलं. "सकाळपासून आपण पुन्हा पुन्हा चालू केलंय."

म्हणजे तो दुरुस्त करत होता तेव्हा प्रत्येक वेळी आत्याच्या नमुन्यांवर काहीतरी लिहिलं जात असू शकत होतं. दादा बिचारा कपाळाला हात लावून बसला होता, आणि त्याला बिचारा म्हणायचीही मला चीड येत होती.

त्याने बॅगेतून स्वतःचा लॅपटॉप काढला. जुनी डिस्क कॉम्प्युटरमधून सोडवून वायरीने लॅपटॉपला जोडली. पुसलेलं शोधणारा एक प्रोग्रॅम त्याच्याकडे होता. तो डिस्कवर काही लिहिणार नाही, नुसता वाचेल, आणि सापडेल ते लॅपटॉपवर ठेवेल, असं त्याने दोनदा सांगितलं. तेवढंच एक सुदैव, म्हणाला, की नमुने जुन्या जातीच्या डिस्कवर होते. नव्या जातीची डिस्क पुसलेलं स्वतःच साफ करून टाकते, तिथे शोधायला काही उरलं नसतं.

"जुनं ते सोनं," आत्या म्हणाली, पण तिचं तिलाच हसू आलं नाही.

हिरवी पट्टी सरकायला लागली. सरकायला म्हणजे, गोगलगाय बरी. जुनी डिस्क आतून कुरकुरत होती आणि मधेच खट् करून थांबायची, तेव्हा आम्ही तिघंही थांबायचो. बाहेर रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर रंगवत होतं, त्या रंगाचा वास आत येत होता. एक बाई जोडा टाकायला आल्या, माझं तोंड बघितलं आणि उद्या येते म्हणाल्या. मी चामडं कापायला घेतलं आणि सुरी ठेवून दिली. असल्या हाताने कापलं तर चामडं वाया जातं.

"नाही आलं तर कागद घे," आत्या मला म्हणाली. "आठवेल तेवढं सांगते, तू काढ."

"येईल."

"येईल तेव्हा येईल. दुपार निघून चाललीय, मिरचे." मी लहानपणापासून तिची मिरची आहे. "उद्या या वेळी माझ्या डोळ्यावर पट्टी असेल."

"आत्या, थांब ना जरा," दादा म्हणाला.

"मी थांबलेय रे. मी कुठे चाललेय?"

पट्टी शेवटाला पोचली. यादी आली, पण नावं कुठलीच ओळखीची नव्हती. डॉलरचं चिन्ह, एक आर आणि पुढे काहीतरी अगम्य. डब्यात टाकलेल्याचं नाव सिस्टीम बदलते, दादा म्हणाला, आतलं खरं तेच असतं. त्याने पहिली फाईल उघडायला घेतली. उघडली नाही. दुसरी उघडायला गेला तर प्रोग्रॅमच बंद पडला. आत्या मान वळवून पडद्याच्या कडेला बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. तिसरी फाईल त्याने उघडली आणि पडद्यावर हळूहळू एक पाऊल उमटलं. डावं, बोटांपाशी रुंद, टाचेशी उचललेलं.

"पाववाल्या बाईंचं," मी म्हटलं. "आत्या, पाववाल्या बाईंचा डावा."

"आला?"

"आला."

त्यानंतर एकामागून एक आले. सुरुवातीचे दोन सोडले तर सगळे. दादाने दोन्ही हात तोंडावर फिरवले आणि खुर्चीतच मागे रेलला. "आत्या, सगळे आले बघ," तो म्हणाला, आणि आत्याने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याही जिवात जीव आला. मी त्याला उठवलं आणि त्याच्या जागी बसले, कारण आता वेळ नव्हता.

पाववाल्या बाईंचा नमुना मी मोठा करून बघितला. टाचेमागे वरच्या चामड्याच्या दोन कडा एकमेकींना भेटायला हव्यात. भेटत नव्हत्या. मधे फट होती. मी पुढचा उघडला. त्यातही तेच, फट जरा मोठी.

"फाईल परत येताना बिघडली असेल का रे?" मी दादाला हळूच विचारलं.

"बिघडली असती तर उघडलीच नसती. उघडली म्हणजे जशी होती तशी."

मी तारखा लावून बघितल्या. जुने नमुने देखणे होते, आत्याची रेष ती, एका दमात ओढलेली. मग कुठेतरी ती किंचित सरकायला लागली होती. पुढच्यात आणखी. अगदी अलीकडच्यात तर आतला आणि बाहेरचा भाग एकाच पायाचे वाटत नव्हते. सकाळपासून आम्ही ज्यासाठी जीव टांगणीला लावला होता ते हे होतं. दादाला त्यातलं काही कळत नव्हतं. तो चहाचं विचारत होता.

"गप्प का गं?" आत्या म्हणाली.

"बघतेय."

"एवढा वेळ तू कधी नुसतं बघत नाहीस. काय झालंय?"

"काही नाही."

"हे बघ, गोड बोलणं तुला जन्मात जमलं नाही. आजच कशाला शिकतेस?"

खोटं बोलायचं माझ्या ओठांवर आलं होतं. आहेत नीट, म्हणायचं, आणि ती झोपली की गुपचूप जमेल तसे सगळे सरळ करायचे. पण हिच्याकडून काम शिकलेल्या माणसाला हिच्याशी कामात खोटं बोलता येत नाही.

"रेष सरकलीय, आत्या."

"किती?"

"टाचेशी कडा मिळत नाहीत. करंगळी जाईल एवढी फट आहे."

"सगळ्यांत?"

"जुन्यांत नाही. थंडी पडल्यापासूनच्यात."

दादा दारात उभा होता तो तिथेच राहिला. मला वाटलं आता ती रडेल, किंवा मला म्हणेल की नीट बघ. तिने वेगळंच विचारलं.

"थंडी पडल्यावर पुरा होऊन गेलेला कुठला?"

ते मला बघावं लागलं नाही. एकच जोड बाहेर गेली होती, टपालवाल्याची. तो आमच्याकडे पोरवयापासून येतो. एक पाय जन्मापासून आखूड, आणि नोकरी दिवसभर पायी फिरण्याची. त्याचा नमुना छापून आला तेव्हाही कडा मिळाल्या नव्हत्या. मी दादाला फोन करून झाडलं होतं की तुझा प्रिंटर कागद तिरका ओढतो, आणि तो येऊन संध्याकाळभर प्रिंटर साफ करत बसला होता. मी कडा हाताने छाटून घेतल्या होत्या आणि जोडा शिवून दिला होता. दादाला ते आठवलं असणार. त्याने मला बोलून दाखवलं नाही.

"त्याला लाव फोन," आत्या म्हणाली. "मोठ्या आवाजावर ठेव."

टपालवाल्याने लगेच उचलला. मागे गाड्यांचा आवाज होता.

"जोडा कसा आहे विचारायला केला," मी म्हटलं.

"जोडा? झकास आहे की. मागे आलो होतो तेव्हाच नाही का सांगितलं?"

"नक्की ना?"

त्याने आवाज खाली आणला. "आत्याबाई आहेत का शेजारी?"

मी आत्याकडे बघितलं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"नाहीत," मी म्हटलं.

"मग सांगतो. डावा पहिल्या दिवसापासून लागतोय. कापूस घालून बघितला, पट्टी घालून बघितली. संध्याकाळपर्यंत घोटा हा एवढा सुजतो. पण त्यांना सांगू नका, ताई. डोळ्यांचं असं झालेलं, त्यात उद्या ऑपरेशन. मी लहान होतो तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, कुबडी घ्या. आत्याबाई म्हणाल्या, थांबा, मी बघते. तेव्हापासून त्यांच्याच जोड्यावर उभा आहे मी. आता एक जोडा लागला म्हणून त्यांना काय बोलायचं? होईल सवय."

दादाने तोंड फिरवलं. आत्या फोनकडे झुकली.

"सवय कशाला होऊ देतोस, गाढवा?"

"आत्याबाई? अहो, तसा फार नाही लागत."

"किती लागतो ते माझी भाची बघेल. पिशवी कुणाकडे तरी दे आणि आहेस तसा इकडे ये. आत्ता."

"येतो," तो म्हणाला.

मी फोन बंद केला. आत्या टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरून बसली होती, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. "सगळी थंडी," ती म्हणाली, "सगळी थंडी तो सुजलेल्या घोट्याने दारोदार पत्रं टाकत फिरला, आणि माझ्यासमोर येऊन झकास म्हणाला." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझेही डोळे गळत होते आणि दादा तर दाराकडे तोंड करून उभाच होता. मी म्हटलं, "पुरे आत्या, उद्या ऑपरेशन आहे, डोळ्यांना त्रास होईल."

"रडून घेऊ दे," ती म्हणाली. "तो यायच्या आत रडून घेऊ दे. त्याच्यासमोर रडले तर पुन्हा म्हणेल, लागत नाही."